पांढऱ्या दोऱ्याची डबी

अक्कांनी मला पहिल्याच दिवशी चिमट्यानं मारलं. हाताच्या पाठीवर, नेमकं बोटांच्या हाडांवर. मी पुण्याहून एम.एस्सी.ची पदवी आणि कोरा करकरीत पांढरा कोट घेऊन आले होते आणि समोरच्या ताटलीतल्या मेलेल्या विंचवाची शेपटी बोटानं सरळ करायला गेले होते. "अहो, मेलेला आहे तो!" मी कळवळून म्हटलं. "मेलाय ते तुला ठाऊक. तुझ्या बोटाला ठाऊक आहे काय?" अक्का म्हणाल्या. "बोटाला सवय लागती. उद्या जिवंतालाही असाच हात लावतीस." माझा हात दोन दिवस सुजलेला होता. गुरूच्या माराबद्दल लोक पुढे फार गोड बोलतात. मला त्या दिवशी अक्कांचा भयंकर राग आला होता आणि आजही त्यातला थोडा शिल्लक आहे.

हेब्बाळच्या तळ्यापलीकडे एका संशोधन संस्थेच्या मागच्या इमारतीत त्यांची प्रयोगशाळा होती. संचालकांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. पाठीमागे चिमटा अक्का. ठेंगणी, काटकुळी, साठीला टेकलेली बाई. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि खाली मुलं घालतात तसले कॅनव्हासचे बूट. घर बसवनगुडीत. कैक पिढ्यांपूर्वी बंगळुरात येऊन तिथलंच झालेलं मराठी शिंप्याचं घराणं, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं आणि 'साकु' म्हणजे पुरे, हे शब्द इतके सहज येत की त्यांना ते कन्नड आहे हेच आठवत नसे. मला पहिले आठ दिवस ते ऐकून हसू येई. हसू आलेलं दिसलं की चिमटा येई. त्यांनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. मी शेवटपर्यंत "पुणेकरीण" होते.

विज्ञान त्या जगभरच्या पुस्तकांतून शिकल्या होत्या, पण कामाची पद्धत शिंप्याची होती. जिवंत विंचवांच्या प्रत्येक डबीला दोरा बांधलेला असे. लाल दोरा म्हणजे लाल विंचवाच्या शाखेतला, ज्याच्या दंशानं धट्टाकट्टा माणूस दगावतो. पांढरा दोरा म्हणजे चावला तर दोन तास शिव्या द्यायच्या आणि कामाला लागायचं. लाल दोऱ्याची डबी उघडताना हातभर लांबीचा चिमटा, पांढऱ्याला वीतभर. खोलीत दुसरा कुठलाही नियम लिहिलेला नव्हता. दोरा मात्र अक्का स्वतः बांधत, दातांनी गाठ आवळत, कारण त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकत नसत.

खाणं घालायच्या दिवशी त्या खोलीत शिरायला मन घट्ट करावं लागे. झुरळ टाकलं की अंधाऱ्या कोपऱ्यातून विंचू यायचा, पकडायचा, आणि ते पाय झाडत असतानाच तोंडाकडून कुरतडायला लागायचा. मादी संग झाल्यावर नराला खाऊन टाकायची. पाठीवर पिलं वागवणारी आई भुकेजली की त्यातलंच एक उचलून तोंडात घालायची. मी तोंड फिरवलं की अक्का माझी मान धरून परत वळवत. "बघ. हत्यार कुठलं आधी काढतो ते बघ. ज्याचे हात जाड, तो चिरडून मारतो, विष हलकं. ज्याचे हात बारीक, त्याच्यापासून लांब." मी लगेच वहीत लिहून घेतलं तर त्यांनी वही हिसकावून ते पान टराटरा फाडलं. "हे जीव वाचवायला ठीक आहे. नातं सांगायला नव्हे. दोघं खाटीक असले म्हणून भाऊ होतात काय?"

नातं सांगणं हाच त्यांचा धंदा. कोणता विंचू कोणाचा जवळचा, कोणती शाखा कुठं फुटली, याचं झाड काढायचं. त्याला आमच्यात क्लॅडोग्राम म्हणतात. अक्का ते शिंप्याच्या खडूनं काळ्या कापडावर काढत. आधी तक्ता करायचा. आडव्या ओळीत एकेक प्राणी, आणि उभ्या रकान्यांत लक्षणं: छातीवरची चकती तीन कोनांची की पाच, पोटाखालच्या कंगव्याला दात किती, शेपटीवर कंगोरे आहेत का, मागच्या पायांच्या सांध्यापाशी बारीक काटा आहे का. लक्षण दिसलं तर एक, नसलं तर शून्य, आणि बघायलाच मिळालं नाही तर प्रश्नचिन्ह. मग नवी लक्षणं ज्यांच्यात सामायिक, त्यांना एका फांदीवर घ्यायचं. "आठ पाय सगळ्यांनाच," त्या टेबलावर मूठ आपटून म्हणत. "आठ पायांवरून नातं सांगू नको. नवीन काय आलं आणि कुणाकुणात आलं ते सांग. तिथं कात्री लाव!" आणि खरोखरच कात्री घेऊन त्या कापडाला चीर देत. वर्षभरात आम्ही चादरीएवढं कापड चिंध्या करून टाकलं होतं.

त्या तक्त्याच्या बाबतीत त्यांची एक गोष्ट मात्र कुणीही मोडायची नव्हती. एकदा एका मुलानं नांगी तुटलेल्या विंचवाच्या ओळीत नांगीच्या रकान्यात शून्य लिहिलं. अक्कांनी त्याला खुर्चीवरून दंडाला धरून उठवला, खिडकीपाशी नेला आणि ओरडल्या, "रस्त्यावर तो लंगडा माणूस जातोय बघ. त्याचा बापही एकाच पायाचा होता काय? नाही ते वेगळं आणि तुटलं ते वेगळं! तुटलेल्याला 'नव्हतं' लिहिणारा माझ्या खोलीत नको." तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही. मी मनात म्हटलं, इतकी साधी चूक कोण करतं?

त्या दोन बोटांची हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही गाठ आवळता आवळता, दातांत दोरा धरून. कॉलेजात असताना त्यांनी घरी शिवणाच्या टेबलाखाली बरण्यांत विंचू ठेवले होते. एक सुटला आणि आईला चावला. साधाच होता, आई तासाभरात उठून स्वयंपाकाला लागली. पण मोठ्या भावानं तोवर सगळ्या बरण्या फोडल्या, खाली पडलेले विंचू तापलेल्या इस्त्रीखाली एकेक करून चिरडले, आणि कापड मोजायचा सागवानी गज घेऊन बहिणीचा हात टेबलावर धरला. "ज्या हातानं आणलंस तो हात, म्हणाला," अक्का म्हणाल्या. "तीन फटके. मी मोजले." मग दोरा तोडून डबी खणात ठेवली. "मला भाऊ नाही." भाऊ घरातच होता. पुढच्या बाजूला त्याचं शिंप्याचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत अक्का, मध्ये एक कायमचं बंद दार. बोलणं नाही. संस्थेच्या कुठल्याही कागदावर भावंडांच्या रकान्यात त्या 'नाही' लिहीत आणि खाली दोन रेघा ओढत. मी त्या रेघा कितीदा तरी पाहिल्या होत्या.

मग ती दगडखाण आली. के. आर. पुरमच्या पुढे, सुरुंगांनी अर्धी कापलेली टेकडी. तिथल्या मजूर बायकांच्या पोरांना विंचू चावत होते आणि पोरं घामानं थंड पडत होती. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अक्कांना विचारलं होतं की हा लालाच्या नात्यातला आहे की साधा. आम्ही दगड उलटत होतो तेव्हा मुकादमाची दोन माणसं पहारी घेऊन अंगावर आली. फोटो काढायला आलेले कुणीतरी असतील, असं त्यांना वाटलं असावं. त्यातल्या एकानं माझ्या पाठीवरची पिशवी ओढून फेकली आणि मी दगडांवर आपटले, कोपर फुटलं. अक्कांनी लांब चिमट्यात धरलेला विंचू सरळ त्याच्या नाकासमोर नेला. शेपटी सपासप हवेत चालत होती. "बा रे, स्वल्प पुढं ये," त्या मराठीतच म्हणाल्या. त्याला सगळे शब्द कळले नसतील, पण पहार तिथेच टाकून तो पळाला. परत येताना अक्का बसमध्ये खुशीत होत्या. माझ्या कोपराला त्यांनी आपल्या पदराची पट्टी फाडून बांधली आणि गाठ इतकी आवळली की हात काळानिळा पडला.

पण माझ्या पिशवीतल्या डब्या त्या आपटण्यात फुटल्या होत्या. धड डबी एकच उरली होती आणि पिवळट राखाडी रंगाचे, लहानखुरे विंचू होते दोन. दोघांना एका डबीत घालायचं नाही, हा आमच्याकडे पहिला पाठ होता. मी घातले. अक्का तेव्हा मागून आलेल्या मुकादमाशी भांडत होत्या. प्रयोगशाळेत पोचून पाहिलं तर एक जिवंत होता आणि दुसऱ्याला खात होता. मागचे चारही पाय गेले होते, बुंधेसुद्धा चावून खाल्लेले. मी जिवंताला दुसऱ्या डबीत टाकलं, मेलेल्याला स्पिरिटच्या बाटलीत, आणि अक्कांना सांगितलं की हा खाणीतच असा सापडला. मार चुकवण्यासाठी बोलले, दुसरं काही नाही.

मेलेल्याची ओळ मी भरली; जिवंत विंचू भिंगाखाली धरता येत नाही, म्हणून त्याची ओळ कोरीच होती. मागच्या पायाच्या काट्याच्या रकान्यात प्रश्नचिन्ह लिहिलं की संगणकावर झाड लोंबायचं; तो विंचू कधी या फांदीवर, कधी त्या फांदीवर बसायचा. शून्य लिहिलं की सुटसुटीत एका जागी जायचा, झाडांच्या सालीखाली राहणाऱ्या साध्या विंचवांच्या फांदीवर. ते झाड दिसायला फार सुंदर होतं. चार दिवस मी दोन्ही करून पाहिलं आणि पाचव्या दिवशी शून्य ठेवलं. स्वतःला सांगितलं, तसाही काटा दिसत नाहीच आहे ना? मग तक्ता अक्कांपुढे ठेवला. अक्का प्रत्येक ओळ स्वतः भिंगाखाली तपासत आणि मगच कोपऱ्यात सही करत. त्यांनी बाटल्या मागितल्या. आणि मला काय झालं कोण जाणे, कदाचित शून्याची भीती असेल, मी कडाडले. "प्रत्येक ओळ तुम्हीच तपासणार तर मी इथे कशाला आहे? दोन वर्षं मार खातेय! एकदा तरी विश्वास ठेवा!" खण इतक्या जोरात आपटला की वरची ताटली खाली पडून फुटली.

मला वाटलं आता चिमटा येणार. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं होतं. "सरी," त्या म्हणाल्या. "दात आले तुला." आणि न तपासता सही केली. काचा मी गोळा करायला वाकले तर म्हणाल्या, "सोड, मी करती." त्याच संध्याकाळी त्यांनी त्या जिवंत विंचवाच्या डबीला पांढरा दोरा बांधला. मी समोर उभी होते. गाठ बांधताना त्यांनी मला दोऱ्याचं दुसरं टोक धरायला सांगितलं आणि मी ते धरलं.

तीन आठवड्यांनी, एका सकाळी साडेदहाच्या सुमारास, त्यांनी ती डबी उघडली. वीतभर लांबीचा चिमटा. तो चपळ निघाला, चिमट्यावरून सरसर वर आला, आणि न वाकणाऱ्या बोटांमुळे अक्कांना चिमटा वेळेत सोडता आला नाही. अंगठ्याच्या बुडाशी नांगी बसली. अक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी चिमटा डाव्या हातात घेतला, तो विंचू पकडून बाटलीत टाकला, झाकण लावलं, त्यावर कागद चिकटवून तारीख घातली, मग खुर्चीत बसल्या. "पांढरा आहे. जळजळ होईल स्वल्प," म्हणाल्या. दहा मिनिटांत त्यांच्या साडीची पाठ घामानं चिंब झाली. मग ओकारी आली. मी हात धरला तर तो बर्फासारखा गार, आणि अंगावरचा केस न् केस उभा.

रिक्षा हेब्बाळच्या उड्डाणपुलावर अडकली. पुढे ट्रक, मागे बस, सगळ्यांचे भोंगे. अक्का पुढच्या सीटवर मूठ आपटत होत्या आणि रिक्षावाला मान वळवून काय झालं म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होता, "एनायतु मेडम? एनायतु?" अक्कांची जीभ जड झाली होती. "पुणेकरीण," त्या म्हणाल्या, "हा पांढरा नव्हे. हा लालाच्या घरातला. मला आतून कळतंय. बाटली आणलीस?" आणली होती. "भिंग काढ. मागचा पाय बघ." मी हलत्या रिक्षात बाटली उन्हाला धरली. काटा होता. स्वच्छ, टोकदार, दोन्ही मागच्या पायांवर. मी तिथंच सगळं सांगितलं: एकच डबी, खाल्लेले पाय, शून्य. अक्कांनी मला थोबाडीत मारली. आयुष्यात इतके चिमटे खाल्ले, पण या मारण्यात काही जोरच नव्हता. हात गालाला लागला आणि घरंगळून मांडीवर पडला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या मरणार.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, कुठला विंचू? मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "लाल धरून चला. मी सांगती." त्यांनी लाल धरूनच औषधं दिली, म्हणून तो दिवस निघाला. रात्र कशीतरी सरली. फुफ्फुसांत पाणी भरत होतं, श्वास घेताना खळखळ ऐकू येई, आणि छातीत कुणी आतून लाथा मारतंय असं त्या म्हणत. दुसऱ्या दिवशी जरा बोलता यायला लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती तक्ता. मी नेला. रडून माझे डोळे सुजले होते, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"जिवंताच्या ओळीत काय लिहितीस?"

"एक."

"मेलेल्याच्या?"

मी म्हटलं, "तोही त्याच जातीचा आहे, मग एकच..." त्यांनी सुई टोचलेला हात उचलला. मी घाईनं म्हटलं, "प्रश्नचिन्ह. त्याचा पाय मी पाहिलेला नाही."

"खोड ते शून्य. माझ्यासमोर खोड." मी खोडलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. "आता ऐक," अक्का दम खात म्हणाल्या. "तुझ्या शून्यानं माणूस मरतो. खाणीतली पोरं पांढऱ्या दोऱ्यानं मेली असती. खाणीजवळच्या डॉक्टरला आजच फोन कर, लाल आहे म्हणून सांग. मग रड."

मी व्हरांड्यात फोन करायला गेले तर बाकावर एक म्हातारा बसला होता. गळ्यात मोजपट्टी, कानामागे खडू. दुकानातून तसाच उठून आलेला. मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते, पण अक्कांच्या घरी जाताना दुकानाच्या दारातून दोन वर्षं पाहिलं होतं. "मी तिचा अण्णा," तो म्हणाला. "आत जाऊ दे काय मला?" मी आत नेलं. तो दारात उभा राहताच अक्कांनी उशापासचा स्टीलचा लोटा उचलला आणि फेकला. ताकद कुठून आली देव जाणे. लोट्याची कड त्याच्या कपाळावर बसली, रक्ताची धार भुवईवरून खाली आली, नर्स ओरडत धावली. अण्णांनी लोटा उचलला, कोपऱ्यातल्या नळावर धुतला, पाण्यानं भरला आणि परत उशाशी ठेवला. मग बाहेर जाऊन बाकावर बसले. कपाळावर पट्टी बांधून घेतली, पण घरी गेले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अक्कांनी ते पाणी प्यायलं नाही.

तिसऱ्या दिवशी कधीतरी लोटा रिकामा दिसला. मी नव्हता भरला. अण्णा दर दोन तासांनी आत येत, बोलत नसत, लोटा भरून ठेवत आणि जात. अक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, "अक्का, आणि तुमच्या भावाच्या रकान्यात?" चिमटा नव्हता, म्हणून त्यांनी माझ्या दंडाचा नखांनी चिमटा काढला. "साकु!" म्हणाल्या. मग भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "तीन फटके होते, पुणेकरीण. ते मी पाहिलेत. ते एक आहे. ते मी खोडणार नाही." त्याच दुपारी नर्स भरतीचा राहिलेला कागद भरायला घेऊन आली, तेव्हा मी खाली औषधं आणायला गेले होते.

पाचव्या दिवशी पहाटे अक्कांचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबली, बरगडी मोडल्याचा आवाज मी बाहेरून ऐकला, आणि मग सगळे मागे सरकले. अण्णा आणि मी खालच्या खिडकीपाशी गेलो. तिथल्या कारकुनानं अक्कांचा कागद काढला आणि वैतागून आमच्याकडे फिरवला. "हे काय लिहिलंय? भावंडं कोण आहेत की नाहीत?" भावंडांच्या रकान्यात 'नाही' होतं, नेहमीसारखं, खाली दोन रेघा. मग तो शब्द आडव्या रेघेनं खोडला होता आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. वाकडंतिकडं, तीन बोटांनी धरलेल्या पेनानं.

अण्णांनी कागद बराच वेळ पाहिला. "हा कसला प्रश्न आहे मा?" त्यांनी मला विचारलं. "मी भाऊ आहे की नाही, हे ठाऊक नव्हतं तिला?"

मी म्हटलं, "अण्णा, आमच्याकडे नसलेल्याला शून्य लिहितात. तुटलेल्याला हे लिहितात."

कारकून पेन पुढे करून म्हणाला, देह ताब्यात घेणाऱ्याचं मृताशी नातं लिहा. अण्णांनी पेन घेतलं, कागदाला टेकवलं, आणि उचलून माझ्या हातात दिलं. "तूच लिही. तिला चालेल ते लिही." मी चार दिवस त्या बाकावरचा माणूस पाहिला होता, कपाळावरची पट्टी पाहिली होती, भरलेला लोटा पाहिला होता. ते फटके मी पाहिले नव्हते, पण ज्यांनी पाहिले होते त्यांच्या तोंडून ऐकले होते. मी 'भाऊ' लिहिलं. खाली अण्णांनी सही केली आणि पेन परत देताना एकदम हुंदका दिला, तो थांबेचना.

आता ती खोली माझ्याकडे आहे. खाणीतला विंचू लालाच्या फांदीवर बसलाय आणि त्या मेलेल्याच्या ओळीत अजून प्रश्नचिन्ह आहे. अण्णांनी दिलेले अक्कांचे दोन्ही चिमटे खणात आहेत. मी कुणाला मारत नाही, पण हात शिवशिवतो. मुलं हुशार आहेत आणि कधी कधी माझ्यावर कडाडतात: मॅडम, एकदा तरी विश्वास ठेवा. मी हसते आणि बाटल्या मागते. न तपासता सही मी कुणाच्याच ओळीवर करत नाही. अक्कांनी आयुष्यात एकदाच केली होती, माझ्या.